वीतभर पत्रा



गेल्या पोळ्याला मी गावी गेलो होतो. कंधार तालुक्यात, मन्याड नदीच्या खोऱ्यात आमचं गाव आहे. सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चहा घेत बसलो होतो, तोच दारात भंगारवाल्याचा टेम्पो येऊन उभा राहिला. पुतण्यानं गोठ्यामागून आमचं जुनं कडबा कुट्टीचं यंत्र ओढत आणलं. पाय गंजलेले, चाकावर कबुतरांची विष्ठा, पात्यांचा पत्ता नाही. भंगारवाला म्हणाला, "बिडाचं आहे, वजनावर घेतो." मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, "आजचा दिवस थांब. हे यंत्र मला एकदा नीट पाहू दे."

पुतण्याला वाटलं, काकांना जुन्या वस्तूंचा लळा आहे. लळा नव्हता, वाचकहो. त्या यंत्राशी माझा एक हिशेब राहिला होता. तो आज तुमच्यासमोर मांडतो, कारण तसलंच यंत्र तुमच्याही गोठ्यात असण्याचा संभव आहे.

हे यंत्र आमच्या बापूंनी १९७९ साली माळेगावच्या यात्रेत घेतलं. खंडोबाच्या त्या यात्रेत लाल कंधारी बैलांचा बाजार भरतो, तशी अवजारांचीही दुकानं लागतात. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. बैलगाडीत मागं यंत्र, त्याला टेकून मी, आणि मार्गशीर्षाची थंडी. घरी पोचलो तर माय म्हणाली, "एवढ्या पैशात एक वासरू आलं असतं." बापू म्हणाले, "आहेत त्यांनाच पोटभर मिळत नाही, आणखी एक कुठं आणतेस?"

बापूंचं खरं होतं. त्याआधी आमच्याकडे कडबा तोडायला लाकडी ठोकळा आणि कुऱ्हाड होती. शेजारच्या घरी लांब दांड्याचा अडकित्ता होता, सुपारीच्या अडकित्त्याचाच थोरला भाऊ म्हणा ना! घाईचे दिवस आले, की पेंढी तशीच दावणीला पडायची. आख्खी पेंढी टाकली की जनावर पाला खातं, शेंडा खातं आणि बुडखा पायाखाली तुडवतं. मालदांडीचा कडबा तरी मऊ आणि गोड असतो, त्याचा बुडखाही जनावर चघळतं. पण १९६४ साली सी.एस.एच.-१ हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं आणि पाठोपाठ दुसरी आली. कणसं भरघोस झाली, पण ताट बुटकं आणि जाड. दाणा वाढला आणि वैरण घटली. त्यात १९७२ चा दुष्काळ. ज्यांनी त्या साली दावणीची जनावरं मातीमोल विकली, त्यांना एकेका बुडख्याची किंमत कळली होती. आमच्या बापूंनी यंत्र घेतलं त्यामागं ही सगळी वर्षं होती.

आता यंत्र पाहू. वरवर पाहिलं तर त्यात फारसं काही नाही. एक जड बिडाचं चाक, त्याच्या आऱ्यांवर बसवलेली दोन वाकडी पाती. चाकाच्या बाजूला फिरवायचा दांडा. मधे दोन दातेरी रोलर, एकावर एक. रोलरांच्या पुढे पत्र्याची पन्हळ, तिला आम्ही 'तोंड' म्हणायचो. चाक फिरलं की त्याच्याच शाफ्टवरचा आटा गिअरना फिरवतो, गिअर रोलरांना फिरवतात आणि रोलर कडबा आत ओढतात. चाकाच्या एका फेऱ्यात दोन पाती दोनदा कापतात. अडीच सेंटीमीटरचा तुकडा हवा असेल तर एका फेऱ्याला पाच सेंटीमीटर कडबा आत जायला हवा. एवढा साधा हिशेब आहे. हा पाच सेंटीमीटरचा आकडा लक्षात ठेवा. तो पुढे लागणार आहे.

या यंत्राची वंशावळ मोठी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव घेतलं की आपल्याला लोखंडी नांगर आठवतो. पण बेळगावात सायकलींचा धंदा करता करता ते शेतीच्या अवजारांकडे वळले, तेव्हा त्यांनी आधी बनवलं ते चारा कापण्याचं यंत्र. नांगर त्याच्यानंतर आला, १९०३ साली. लोखंडानं जमीन विषारी होते, असं म्हणून शेतकरी त्या नांगराला हात लावत नव्हते. पुढे १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर त्यांनी कारखाना नेला, तीच आजची किर्लोस्करवाडी. म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्या कारखान्यानं शेतकऱ्याच्या हाती लोखंडी अवजार दिलं, त्याची सुरुवात वैरणीपासून झाली. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

विलायतेत हे यंत्र त्याहून जुनं. तिकडे घोड्यांसाठी वैरण कापायची असे. आधी लाकडी पेटी आणि लांब सुरा, मग चाकावर बसवलेली पाती, मग वाफेचं इंजिन. हातानं फिरणाऱ्या यंत्राला वाफ जोडली आणि मजुरांचे हात त्यात जाऊ लागले. शेवटी १८९७ साली तिथल्या पार्लमेंटनं खास या यंत्रासाठी कायदा केला. हातानं न चालवता दुसऱ्या शक्तीवर चालणाऱ्या कुट्टी यंत्राच्या तोंडाला असा आड असला पाहिजे, की वैरण घालणाऱ्याचा हात रोलरांत ओढला जाणार नाही. आणि चाकाला व पात्यांनाही आड असला पाहिजे. कायदा हातयंत्राला लागू नव्हता, हे ध्यानात घ्या. असं का, ते मला फार उशिरा कळलं.

१९९२ साली परभणीच्या कृषी विद्यापीठातून मी बी.एस्सी. होऊन बाहेर पडलो आणि नोकरीला लागलो. पुढची सगळी वर्षं नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत गेली. मुखेड, देगलूर, अहमदपूर, निलंगा. गावोगाव सभा घेतल्या, बियाणं कसं निवडावं, माती कशी तपासावी ते सांगितलं. 'कुट्टी करा, वैरण वाचवा' हे तर माझं पाठ झालेलं भाषण. घरी दादा शेती पाहत होते. म्हशी वाढल्या होत्या आणि हातानं चाक फिरवायला माणूस मिळेना. १९९८ च्या दिवाळीत दादा म्हणाले, "तू गावाला शहाणपण शिकवतोस, आपल्या घरचं काही तरी कर."

मी केलं. दोन अश्वशक्तीची मोटार आणली. तालुक्याच्या गावी एका वर्कशॉपमध्ये यंत्र नेलं. चाकाचा दांडा काढून टाकला आणि शाफ्टवर बारा इंचाची पुली बसवली. मोटारीवर अडीच इंचाची. मोटार ठेवायला यंत्राच्या पायांना लोखंडी पट्टी जोडली. एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण मोटार जोडल्यावर यंत्र लांब झालं आणि गोठ्याच्या कोपऱ्यात मावेना. पत्र्याचं तोंड एक हात लांब होतं. मी मिस्त्रीला म्हणालो, "पुढचा वीतभर पत्रा कापून टाक, तो उगीच पुढे आलाय." मिस्त्रीनं विचारलं, "कापू ना, साहेब?" मी म्हणालो, "काप."

त्या कोपऱ्यात यंत्र अगदी चपखल बसलं. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात दोन वेळची कुट्टी झाली. सगळं घर खूश.

पौष महिन्यातली रात्र. वीज रात्री यायची. दादा रानात पाणी द्यायला जायच्या तयारीत अंगणात होते. वहिनी एकट्याच कुट्टी करत होत्या. पेंढी संपत आली की शेवटचे बुडखे रोलरपर्यंत पोचत नाहीत, ते हातानं पुढे रेटावे लागतात. रोज रेटत होत्या, तसेच त्या दिवशी रेटले. उजव्या हाताची दोन बोटं, तर्जनी आणि मधलं, दुसऱ्या पेरापासून गेली. दादांनी धावत येऊन बटण बंद केलं, पण ते जड चाक बटण ऐकतं थोडंच? वीज तुटल्यावरही ते फिरत राहिलं.

मी निलंग्याहून नांदेडच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा वहिनी शुद्धीवर होत्या. माझा चेहरा पाहून त्याच म्हणाल्या, "भाऊजी, कामून जिवाला लावून घेता? हात माझाच पुढं गेला."

वाचकहो, आपल्याकडे प्रत्येक अपघातानंतर हेच वाक्य ऐकू येतं. हात माझाच पुढं गेला. लक्ष माझंच नव्हतं. मीही ते ऐकलं आणि मनातल्या मनात थोडा सुटलो. पुढच्याच आठवड्यात एका गावात मी कुट्टीवर भाषण दिलं. मोटार जोडली की वेळ कसा वाचतो तेही सांगितलं. घरी काय झालं, त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. आज हे लिहिताना मला त्या भाषणाचीच जास्त लाज वाटते.

आता तो पाच सेंटीमीटरचा हिशेब पुरा करू. हातानं चाक फिरवणारा गडी मिनिटाला ४५ फेरे देतो असं धरा. म्हणजे रोलर सेकंदाला जेमतेम चार सेंटीमीटर वैरण ओढतात. बोट अडकलं तर माणूस ओरडतो आणि दांडा फिरवणारा समोरच उभा असतो, तो तिथल्या तिथे थांबतो. तो माणूस म्हणजेच त्या यंत्राचा ब्रेक होता. विलायतेच्या कायद्यानं हातयंत्राला का वगळलं, त्याचं उत्तर मला इथे सापडलं. आम्ही मोटार बसवली आणि तो माणूस काढून टाकला, पण त्याच्या जागी दुसरा ब्रेक बसवला नाही. मोटारीचे १४४० फेरे, अडीच इंचाची पुली, बारा इंचाची पुली. म्हणजे चाकाला मिनिटाला ३०० फेरे. एका फेऱ्याला पाच सेंटीमीटर, म्हणजे सेकंदाला २५ सेंटीमीटर. आपली वीत साधारण तेवढीच, किंबहुना थोडी कमीच भरते. मी जो वीतभर पत्रा कापून टाकला, तो म्हणजे वहिनींचा एक सेकंद होता. हात मागे घ्यायला मिळाला असता असा एक सेकंद.

हा हिशेब करायला बी.एस्सी. लागत नाही. चौथीतलं पोर करील. पण मी तो केला नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या यंत्रापाशी बसलो आणि फडक्यानं एकेक भाग पुसत गेलो. जुन्या यंत्रावर त्याचा सगळा इतिहास उमटलेला असतो, पाहणारा हवा. मूळचे बोल्ट चौकोनी डोक्याचे, आम्ही नंतर बसवलेले सहा कडांचे. त्यामुळे बापूंच्या काळातलं काय आणि माझ्या हातचं काय, ते लगेच वेगळं होत होतं. तोंडाच्या मागच्या पत्र्याची कड दुमडून गोल केलेली होती. मी कापलेली कड धारदार आणि वेडीवाकडी. पायाजवळची पट्टी सोडवली, तर तिच्याखाली एक भोक निघालं. आधी कळेना हे कशाचं. मग एकदम आठवलं. आम्ही भावंडं लहानपणी ते चाक गरगर फिरवत खेळायचो. बापूंनी एकदा पाहिलं, आमच्या पाठीत रट्टे घातले आणि दुसऱ्या दिवशी लोहाराकडून ते भोक पाडून घेतलं. चाकाच्या आऱ्यांतून त्या भोकात बाभळीची खुंटी घालायची आणि काम संपलं की चाक बांधून टाकायचं. खुंटी सुतळीनं यंत्रालाच लटकवलेली असे. मोटारीची पट्टी मी नेमकी त्या भोकावर बसवली होती.

बापू तिसरी शिकलेले. त्यांनी यंत्रात एकच बदल केला, तोही पोरांच्या हातासाठी. मी शिकून यंत्रात चार बदल केले आणि त्यात हाताचा विचार एकदाही केला नाही.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचलं. दिल्लीच्या आय.आय.टी.मधले दिनेश मोहन आणि त्यांचे सहकारी यांनी उत्तर भारतातल्या खेड्यांत जाऊन चारा यंत्रांच्या अपघातांचा अभ्यास केला आणि तो २००४ साली प्रसिद्ध झाला. लहान मुलांचे हात चाकाशी खेळताना जातात, हेही त्यांना दिसलं. त्यांनी सुचवलेले बदल ऐका: रोलरांच्या आधी एक साधा इशाऱ्याचा रोलर, म्हणजे बोटं दातेरी रोलरापर्यंत जाण्याआधीच त्याला लागतात आणि माणूस सावध होतो, पात्यांपुढे आड, गिअरवर झाकण, आणि काम नसताना चाक अडकवून ठेवायला खिट्टी. ती खिट्टी वाचली तेव्हा मला बापूंची खुंटी आठवायला हवी होती. ती आठवली नाही, भोक दिसल्यावर आठवली.

आपल्या देशात १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. त्यात मुख्य विचार मळणी यंत्राचा होता. मळणी यंत्राच्या तोंडाला किमान ९० सेंटीमीटर लांबीची पन्हळ असावी आणि त्यातली ४५ सेंटीमीटर वरून झाकलेली असावी, असं मानक ठरलं. माणसाचा हात खांद्यापर्यंत आत घातला तरी तो दात्यांपर्यंत पोचू नये, हा त्यामागचा विचार. हीच फूटपट्टी कुट्टी यंत्राला लावून पाहा, म्हणजे आपलं यंत्र कुठं कमी पडतं ते कळेल.

आता नव्या यंत्रांत पुष्कळ सुधारणा झाल्या आहेत. चाकावर जाळी आली, गिअर पेटीत गेले. चांगल्या यंत्रांत उलट फिरवायचा दांडा आला. तो ओढला की रोलर मागे फिरतात आणि अडकलेलं बाहेर येतं. पुतण्यानं दोन वर्षांपूर्वी असंच यंत्र घेतलं. आमच्या भागात सोयाबीन वाढल्यापासून ज्वारीचा पेरा कमी झाला आणि कडबा महाग झाला. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात वैरणीसाठी लोकांनी काय हाल काढले ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे कुट्टी करूच नका असं मी मुळीच म्हणणार नाही. कुट्टी केलीच पाहिजे.

पण त्या दिवशी जुन्या यंत्रावरून मी नव्याकडे वळलो आणि पाहतो तो काय! तोंडावरचं झाकण गायब. पुतण्याला विचारलं, तर तो म्हणाला, "हिरवा मका घातला की तिथं अडकतो, काका. म्हणून काढून ठेवलं." झाकण गोठ्याच्या आढ्यावर पडलेलं होतं. त्याच्यावर वाळल्या मिरच्या पसरल्या होत्या.

मी काही बोलणार, तोच वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांच्या हाताला पीठ होतं. दोन बोटं गेल्यावर त्या वर्षभरानं पुन्हा भाकरी थापायला शिकल्या, पण त्यांच्या भाकरीची एक कड अजून जाड राहते. घरातली नात त्याच कडेसाठी भांडते. वहिनींनी मिरच्या सुपात काढल्या, झाकण खाली घेतलं आणि पोराच्या हातात दिलं. मग वीज बंद आहे ना ते पाहून उजवा हात यंत्राच्या तोंडात घातला. हात सरळ रोलरपर्यंत गेला. म्हणाल्या, "बघ. माझी बोटं आखूड हायेत, तरी पोचली. तुझ्या बायकोची लांब हायेत."

पोरगं काही बोललं नाही. पाना आणायला गेलं.

वाचकहो, माझी तुम्हाला विनंती एवढीच. आज संध्याकाळी वैरण घालण्याआधी मोटारीची वायर काढून ठेवा आणि घरातल्या ज्या माणसाचा हात सर्वांत लांब आहे, त्याला तोंडातून हात घालायला सांगा. बोटं रोलरला लागली तर तुमच्या यंत्राचं तोंड आखूड आहे. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून पत्रा वाढवून घ्या, वरून झाकण बसवा. मका अडकतो म्हणून झाकण काढू नका, घास लहान घ्या. शेवटचे बुडखे हातानं रेटू नका, पुढच्या पेंढीनं रेटा. नाही तर सरळ गव्हाणीत टाका. वहिनी म्हणतात, "चार बुडखे वाया गेले तर जाऊ द्या." चाकाला खुंटी ठेवा. बटण असं बसवा, की वैरण घालणाऱ्याच्या डाव्या हाताला उभ्या जागी मिळेल. पदर खोचून घ्या, सैल बाह्या दुमडा, आणि रात्रीच्या विजेवर एकट्यानं कुट्टी करू नका.

आणि यंत्रात काही बदल करायचा असेल, मोटार मोठी, पुली लहान, काहीही, तर आधी तो पाच सेंटीमीटरचा हिशेब मांडा. वेग वाढला तर तोंडही वाढलंच पाहिजे.

जुनं यंत्र भंगारात गेलं नाही. मी त्याची पट्टी काढली, कापलेल्या जागी पत्रा जोडून घेतला, दांडा परत बसवला. बाभळीची नवी खुंटी पुतण्यानंच तासून दिली. आता गावोगावच्या सभेला मी ते सोबत नेतो. कुट्टीचं भाषण तेच आहे, पण सुरुवात वीतभर पत्र्यापासून करतो. पहिल्या वेळी वहिनींना विचारलं होतं, तुमची गोष्ट सांगू का? त्या म्हणाल्या, "सांगा की. पण भाऊजी, पत्रा कोणी कापला तेबी सांगा."

सांगतो.